भरतीची पाऊणकी

रविवार, २ मार्च २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. माकणीच्या धरणाचे पाणी माझ्या मोजपट्टीवर दोन मीटर एकेचाळीस सेंटिमीटर. वारा नाही. आकाश स्वच्छ. निरीक्षक : मी. मदतनीस : पप्पा.

मदतनीस हा हुद्दा पप्पांनी स्वतःहून मागून घेतला आहे. सरकारी गोदामातल्या कारकुनीतून निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालेले नाही आणि कुठल्याच रकान्यात आपण नाही, असा दिवस त्यांना अजून सहन होत नाही. दर रविवारी पहाटे ते बेंबळीहून माझ्या स्कूटीवर मागे बसून येतात, फितीचे एक टोक धरतात आणि मी वाचलेला आकडा मोठ्याने परत म्हणतात. ही गोदामातली रीत. एकाने वाचायचे, दुसऱ्याने म्हणायचे, मगच लिहायचे. उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून किती पाणी वाफ होऊन जाते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कुठल्याही तलावाकडे बघून तो जूनपर्यंत किती उरेल, हे मला सांगता यायला हवे. त्याहून लहान महत्त्वाकांक्षा मला पटत नाही.

आज आकडा लिहून मान वर केली, तेव्हा पप्पा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मागच्या रानातून काढणीच्या करडईचा कोरडा, बोचरा वास येत होता. दूर थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून एक भोई जाळे ओढत होता. पाणी जिथे संपते तिथे बरोबर पप्पांनी ओल्या मातीत एक काडी रोवली होती आणि तिच्याकडे ते टक लावून बघत होते.

"हलंना गं," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. आल्यापासून बघतोय. काडीपाशी हाय ते काडीपाशीच."

"धरण आहे, पप्पा. इथं भरती कुठून येणार?"

"ठाव हाय मला. येडा न्हाय मी." त्यांनी काडी उपटली, पुसली आणि पुन्हा त्याच भोकात रोवली. "तरी बघावं वाटतं."

ते काय बघत होते हे मला कळले, कारण मोजपट्टीपाशी उभी राहून मीही तेच बघत असते. मला त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. तो सतरा वर्षांचा झाला. अकरा वर्षांची असताना मी एका फळ्यावर खडूने एक चुकीचा आकडा लिहिला. त्या आकड्यामुळे आमचा समुद्र गेला का, एवढाच तो प्रश्न. उत्तर मला माहीत आहे असे मी इतकी वर्षे धरून चालले आहे, आणि म्हणूनच तो विचारलेला नाही.

मुंबईच्या समोर, मध्ये पाणी टाकून, ते गाव होते. त्याला नाव होते, पण आम्ही नुसते 'बंदर' म्हणायचो. मी चार वर्षांची असताना पप्पांची तिकडे बदली झाली. पुढची सात वर्षे माझ्या आठवणीत सालांनी लागलेली नाहीत, पाण्याच्या उंचीने लागलेली आहेत. भरतीच्या आठवणी उजेडाच्या आणि आवाजाच्या : धक्क्याच्या दगडाला पाण्याची थाप, दोरखंडाची करकर, कुणीतरी कुणाला तरी तीन भाषांत मारलेली हाक. ओहोटीच्या आठवणी वासाच्या : उघडा पडलेला काळा चिखल, ओला काथ्या, डिझेल, बांबूच्या मांडवावर वाळणारे बोंबील आणि या सगळ्यावरून तरंगत येणारे इस्माईलचाचांचे अत्तर. चाचा लाँचचे सारंग होते, म्हणजे लाँच चालवणारे. खलाशाचा मळका सदरा आणि कानात अत्तराचा फाया, असे त्यांचे रूप होते. लाँच वळली की आधी त्यांचा वास धक्क्याला लागे, मग लाँच.

अर्धे गाव सकाळी पलीकडे जाई आणि संध्याकाळी परत येई. गोदीतले, कचेऱ्यांतले, रुग्णालयांतले, मोगऱ्याच्या पाट्या घेतलेल्या बायका, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका. या दोन प्रकारच्या टोपल्या एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या लांब असत, आणि त्यावरून रोज नवे भांडण होई. लाँचमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पप्पांची जागा मधोमध, कारण ज्याला पोहता येत नाही त्याने कडेला बसू नये असे त्यांचे ठाम मत होते. सात वर्षांत ते पोहायला शिकले नाहीत आणि जागाही बदलली नाही.

आईने पहिल्या दिवशी समुद्र पाहिला आणि विचारले, "एवढं पाणी, आन् पेयाला घोट न्हाय?" मग तिने बेंबळीत भरायची तसेच घरातले प्रत्येक भांडे नळाच्या पाण्याने भरून ठेवले. नळ रोज येई, तरी तिचे हे सात वर्षांत बदलले नाही. आमच्या खोलीत शिरले की पितळेच्या ओळीत भरलेल्या गार पाण्याचा वास यायचा, आणि खिडकीतून खाऱ्या पाण्याचा. त्या दोन वासांच्या मध्ये मी वाढले. संध्याकाळी चाळीतल्या चुली पेटत. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, पलीकडे तांदळाची, वरच्या मजल्यावर केरळहून आलेल्या सिस्टरबाईंच्या खोलीतून खोबरेल तेलाची फोडणी. गावाहून शेंगाचटणी आली की आई अर्धा डबा हिरामावशींना देई आणि त्याच डब्यातून जवळा परत येई. तो डबा कितीही घासला तरी त्याला दोन्ही वास राहिले.

हिरामावशी आमच्या चाळीच्या मागे राहणाऱ्या कोळीण. नवरा नव्हता, होडी होती. होडीपेक्षाही त्यांच्याकडे एक मोठी गोष्ट होती. उद्या पाणी कधी, हे त्यांना माहीत असे.

या गावाला घड्याळ पुरत नसे, ही गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. लाँच पाण्यावर चाले आणि धक्क्यापाशी इतका गाळ साचलेला होता, की पुनवेच्या आणि अवसेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पहाटेच्या ओहोटीला धक्का कोरडा पडे. लाँच दूर खोल पाण्यात उभी राही. पाणी पुन्हा पुरेशा पायऱ्या चढेपर्यंत कुणीही कुठेही जाऊ शकत नसे. पाणी लवकर लागणार असेल तर लाँच, उशिरा लागणार असेल तर खाडीला वळसा घालून जाणारी पहाटे पाचची बस. म्हणून चाळीच्या दारात एक फळा होता. त्यावर रोज संध्याकाळी उद्याची वेळ लिहिली जाई. मावशी सांगत, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. मी लिही, कारण चाळीत माझे अक्षर चांगले होते आणि मला खडूचा मोह होता.

मावशी बोटांच्या पेरांवर मोजत. ओठ हलत, अंगठा पेरावरून पेरावर जाई आणि मग आकडा येई. कसा येई ते त्या सांगत नसत. "घाटावरच्यांना काय कलनार गो पान्यातला," एवढेच म्हणत. एकदा पप्पा शेजारी उभे होते. मावशी पुटपुटत होत्या, पडव्याला इतके, बीजेला इतके. पप्पांनी अचानक मांडीवर थाप मारली.

"अगं बाई, ही तर पाऊणकी हाय!"

मावशींना वाटले शिवी दिली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पप्पा मात्र बेंबळीच्या शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून, डुलत म्हणू लागले होते, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन…"

हिशेब तोच होता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. भरतीच्या चार तास आधी पाणी लाँच लागण्याइतक्या पायऱ्या चढते. लहानपणी मास्तरांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेला पाढा पाचशे किलोमीटरवर समुद्र पाळत होता, याचा पप्पांना जो आनंद झाला तसा मी पुन्हा कुणाच्याही तोंडावर पाहिलेला नाही. त्या दिवसापासून ते समुद्राला घाबरेनासे झाले, असे मला वाटत असे. मी पाऊणकी त्यांच्याकडून शिकले आणि तिथी मावशींकडून. मावशी म्हणत, "तुजा बापूस बरा हाय गो. पोहता येत नाय, पन पानी मोजता येतं."

त्या गावात चंद्राला फार काम होते. मावशींना त्याच्यावरून पाणी कळे. रमजानच्या आधीचा शाबान महिना संपत आला की चाचा धक्क्याच्या टोकाशी उभे राहून मावळतीकडे बघत आणि कोर दिसली की लाँचचा भोंगा वाजवत. वरच्या मजल्यावरच्या काकू संकष्टीला ताट झाकून गॅलरीत खोळंबून बसत आणि ढग आले की चाचांनाच विचारत, "दिसला का हो तुमच्याकडून?" आमच्या घरी पौर्णिमा असे. आदल्या दिवशी आई आपली पांढरी साडी धुऊन दारातल्या दोरीवर वाळत घाली, दुसऱ्या दिवशी ती नेसून विहारात वंदनेला जाई आणि संध्याकाळी उंबऱ्यावर मेणबत्त्या लागत. सिस्टरबाईंना चंद्राशी देणेघेणे नव्हते. रात्रपाळी संपवून पहिली लाँच मिळते की नाही, एवढेच त्यांना हवे असे, आणि त्यासाठी त्या फळा वाचायला मराठी अंक शिकल्या होत्या. काल संध्याकाळी बेंबळीत गच्चीवरून मी कोर पाहिली. अगदी बारीक होती, आणि वर शुक्र. खालच्या गल्लीत पोरे ओरडत होती, उद्या पहिला रोजा. भोंगा वाजला नाही. मी मात्र थोडा वेळ त्याची वाट पाहिली.

मी अकरा वर्षांची असताना, कोजागिरी झाल्यावर, हिरामावशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. दोन महिने फळा माझ्या एकटीच्या हातात आला. "जमंल ना गो?" त्यांनी विचारले. मी तो प्रश्न अपमान समजले.

मी कोजागिरीपासून स्वतः मोजायला सुरुवात केली. पंधरा तिथींचा एक पक्ष, दोन पक्षांचा महिना, रोजची एक तिथी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघायची मला गरज वाटली नाही. जे मोजता येते ते बघायचे कशाला, अशी माझी त्या वयातली वैज्ञानिक भूमिका होती. मधल्या दिवसांत, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या भरतीला, पाणी धक्का सोडतच नसे, त्यामुळे चूक असली तरी कुणाला दिसत नसे. महिन्याने पाणी थोडे उशिरा लागले, तेव्हा लोकांनी वाऱ्याला नावे ठेवली. फळ्याला कुणी नाव ठेवले नाही.

त्याच हिवाळ्यात पप्पांची खात्याची परीक्षा होती. उत्तीर्ण झाले तर वरिष्ठ कारकून आणि बंदरातच कायम. नाही झाले तर उन्हाळ्यात बदली, बहुधा आपल्याच जिल्ह्यात. हे घरात सगळ्यांना माहीत होते. पप्पा पहाटे उठून अभ्यास करीत, आई कंदिलाची काच पुसून देई. कंदील आई वीज असतानाही लावे. तिला वाटे, त्या उजेडात जास्त लक्षात राहते. आईला तिथेच राहायचे होते. तिने तसे कधी म्हटले नाही, फक्त खिडकीतल्या एका डब्यात कढीपत्त्याचे झाड लावले होते, आणि कढीपत्ता भरायला पाच वर्षे लागतात.

कोजागिरीला दोन महिने होत आले असताना, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. चौदा पाऊण साडेदहा. त्यातून चार तास वजा. मी फळ्यावर लिहिले : साडेसहा. साडेसहाला निघाले तर साडेसातला पलीकडे आणि तिथून परीक्षेच्या शाळेत सव्वाआठपर्यंत. दार साडेआठला बंद होणार होते. पाचच्या बसची गरज नव्हती. पप्पांनी फळा वाचला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

सकाळी मी डबा घेऊन त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेले. गार होते. धक्क्याला सतरा पायऱ्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक उघड्या. लाँचचा दिवा दूर, धुक्यात विरघळलेला. साडेसहा वाजले. पाणी खालून पाचव्या पायरीवर होते. लाँचला दहावी लागते.

मी मोजायला लागले. एक पायरी भरायला नऊ मिनिटे. पुढच्या पायरीलाही नऊ मिनिटे. पाच पायऱ्या, पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे सव्वासात. कुणाच्याही आधी मला कळले होते आणि मी ते कुणाला सांगू शकत नव्हते. आसपास माणसे जमत होती, घड्याळे बघत होती. चिखलातून लहान खेकडे सर्रकन पळत आणि थांबत. मोगऱ्याच्या पाट्यांवरचे ओले फडके मला आजही दिसते.

"काय हो," गोदीतले एक काका पप्पांना म्हणाले, "आज फळा थापा मारतोय वाटतं!"

"फळ्याला उशीर न्हाय झाला," पप्पा म्हणाले. "पाण्याला झालाय."

लोक हसले. पप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. डबा मांडीवर घेऊन ते बसून राहिले. मी पाण्याकडे बघत मनातल्या मनात त्याला वर ओढत होते. सातवी पायरी. आठवी. सव्वासातला लाँच लागली, आधी अत्तर, मग लाँच. पप्पा चढले आणि मधोमध आपल्या जागी बसले.

ते संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "दार बंद होतं." आईने ताट वाढले. उंबऱ्यावर मेणबत्त्या जळत होत्या. त्याबद्दल आमच्या घरात झालेले बोलणे एवढेच.

मावशी परत आल्या, पेरांवर मोजले आणि कपाळाला हात लावला. "अगो, महिना तीसाचा कुटं असतो चंद्राचा? दोन महिन्यांतून एक तिथी मासा गिलतो. ती मोजायची नसते." पुढे खगोलशास्त्र शिकताना मला कळले, की चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि मावशींचा मासा अगदी बरोबर होता. साठ दिवसांत एक तिथी, एका तिथीला पाऊण तास.

उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. सामान ट्रकने गेले, आम्ही बसने. बस आमच्या जिल्ह्यात, येरमाळ्याला थांबली तेव्हा दुपार होती. मी खाली उतरले आणि श्वास घेतला. हवेत काहीही नव्हते. मीठ नाही, डिझेल नाही, ओले काही नाही. नुसता तापलेला उजेड. आई बसमधून उतरली नाही. तिच्या मांडीवर डब्यात कढीपत्त्याचे रोप होते. ते बेंबळीच्या मातीत लागले, पण त्याला तो वास आला नाही, असे ती म्हणते. तिथे मी परत गेले नाही. आता म्हणे पूल झाला आहे, लाँच क्वचित सुटते आणि धक्का गाळात बसला आहे.

पाण्यावरून एक नदीसुरय खाली झेपावला आणि रिकाम्या चोचीने वर गेला. पप्पा काडीकडेच बघत होते. मी वही मिटली.

"पप्पा, एक विचारू?"

"इचार की."

"त्या दिवशी फळ्यावरचा आकडा माझ्यामुळं चुकला. नाहीतर तुम्ही परीक्षा दिली असती. आपण तिथंच राहिलो असतो. व्हय का न्हाय?"

मग त्यांनी काडी उपटून हातात घेतली, खडू धरावा तशी.

"आदल्या दिशी तुझ्या आईची पांढरी साडी दोरीवर होती," ते म्हणाले. "म्हंजे दुसऱ्या दिशी पौर्णिमा. आन् फळ्यावर हिशेब चतुर्दशीचा. पाऊणकी मला शिकवू नको, माय. पंधरा पाऊण सव्वाअकरा. पाणी सव्वासातला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहाटं चारला फळ्यापुढं उभा होतो. खडू उचलला. ठेवला. परत उचलला. बस पाचला होती." त्यांनी श्वास घेतला. "लई थंडी होती. आन् मला आपल्या रानातला करडईचा वास आला बघ. कुठनं आला कुणास ठाव, तिथं काय करडई व्हती? म्हटलं, ऱ्हाऊ दे. पाण्यालाच ठरवू दे."

"पाणी ठरवणार नव्हतं. पाणी सव्वासातलाच येणार होतं."

"व्हय," पप्पा म्हणाले. "ते बी ठाव होतं."

मला राग आला, हे नोंदवायला हवे. सतरा वर्षे मी प्रत्येक आकडा तीनदा तपासत आले आहे. माझी सगळी काटेकोर वृत्ती मी त्या पायऱ्यांवर उभी केली होती, आणि आता कळत होते की खालची पायरी माझी नव्हतीच. मी त्यांना म्हटले, "मला सांगायचं तरी. मी एवढी वर्षं…"

"तू हे उरात घेऊन बसलीस, हे मला कुठं ठाव?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "बाकीच्यांना उशीर झाला त्या दिशी, ते खोटं काम झालं माझं. सिस्टरबाई पलीकडं ताटकळल्या आसतील. त्याचं वाईट वाटायचं. पण तुझं… माझी चूक तुझ्या खात्यात लिहिली गेली. बत्तीस वर्षं कारकुनी केली, आन् एवढी नोंद बघितली न्हाय." काडी त्यांच्या बोटांत मोडली. "आन् आता रोज सपनात लाँच येती. घे. हवी ती रानं मिळाली, आन् इथं येऊन तळ्यात भरती बघतोय."

भोयाने तराफा काठाला लावला. जाळ्यातले पाणी गळण्याचा आवाज आला. त्या आवाजात काही क्षण सगळे बंदर होते.

"तुझ्या आईला सांगू नको," पप्पा हळूच म्हणाले. "तिला तिथंच ऱ्हायचं होतं."

"पप्पा, साडी कुणी वाळत घातली होती?"

त्यांनी मान वर केली.

"तिला उद्या पौर्णिमा आहे हे माहीत होतं. फळा ती रोज वाचायची. पाऊणकी तुम्ही जेवताना मोठ्यानं म्हणायचात, ती तिला पाठ आहे. तुम्ही पहाटे चारला दार उघडलंत, तेव्हा ती झोपली होती असं वाटतं तुम्हाला?"

हे गणित पप्पांनी कधी मांडलेले नव्हते. सतरा वर्षे ते तिच्या समोर बसून जेवले होते. ते उठले, दोन पावले पाण्यात गेले, चपलांसकट, आणि उभे राहिले. पाणी घोट्याला लागले. त्यांना पोहता येत नाही. पण पाणी तिथे घोट्याइतकेच होते.

"काही बोलली न्हाय," ते पाण्याला म्हणाले. "मी आत आलो तवा कंदिलाची काच तेवढी पुसून ठेवली होती."

ऊन आले. पाण्याच्या रंगात आधी तांबूस आणि मग नुसता उजेड मिसळला. करडईचा वास उन्हाबरोबर जड झाला. थोड्या वेळाने, पाठमोरेच, त्यांनी विचारले, "आज तिथं पाणी कधी गं?"

काल बीज होती, गच्चीवरून पाहिलेली. मी तरीही मोबाइलवर पंचांग उघडून तपासले. "आज तृतीया."

"एक पाऊण," पप्पांनी सुरुवात केली.

"पाऊण."

"दोन पाऊण."

"दीड."

"तीन पाऊण?"

मी वही उघडली. पाणीपातळीच्या रकान्याशेजारी शेऱ्याचा रकाना होता, सकाळपासून कोरा. मी आकडा मोठ्याने वाचला. पप्पांनी तो मागे म्हटला. मग मी लिहिले : सव्वादोन.